उपाशी पाणी

पाणी इतकं नितळ होतं की टाकीमागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा त्या पाण्यातून सहज वाचता यायच्या. आणि तरीही त्यातली झाडं मरत होती. का मरत होती, हे यशोधराला काही केल्या कळत नव्हतं.

काचेची ती टाकी बैठकीत, खिडकीजवळच्या मेजावर होती. तळाला धुवून घेतलेली पांढरी वाळू, मधोमध एक गुळगुळीत दगड आणि दगडाभोवती फीतगवताचे ठोंब. फीतगवत म्हणजे वेणीला बांधायच्या रिबिनीसारखी लांब, हिरवी पानं असलेली पाणवनस्पती. ती जन्मभर पाण्याखालीच राहते. वाऱ्यावर धानाचं शेत डुलतं तशी पाण्यात डुलते. निदान डुलायला हवी. यशोधराच्या टाकीतली पानं नुसती लोंबत होती.

हे गवत तिचं स्वतःचं नव्हतं, हीच तर खरी पंचाईत होती. ते कवडसीच्या तलावाचं होतं.

भंडारा जिल्ह्यातलं कवडसी गाव या तलावाच्या काठानेच वसलेलं. तलाव गाळाने (तळाशी साचलेल्या काळ्या मातीने) भरत चालला, तेव्हा गावाने तो साफ करायचं ठरवलं. असली कामं आता माणसं करत नाहीत. खेकड्यासारखी तिरकी चालणारी यंत्रं तलावात उतरतात आणि हळूहळू जादा गाळ उपसून टाकतात. पण त्या यंत्रखेकड्यांच्या पायाखाली तिथली झाडं चिरडली असती. म्हणून ती आधीच मुळांसकट काढली आणि शाळेतल्या मुलांच्या घरी मुक्कामाला पाठवली. टेंभुर्णे सरांनी प्रत्येकाच्या हातात एकेक बादली देताना सांगितलं होतं की हे पाहुणे आहेत, तलाव पुन्हा भरला की ज्याने त्याने आपापले पाहुणे परत पोचवायचे. त्यासाठी गाळ उपसून झाला की तलावाच्या तळावर प्रत्येक मुलाची जागा आखून तिथे नावाची उंच खुंटी ठोकणार होते. यशोधराची जागा घाटाच्या पायऱ्यांसमोर होती, तिची मैत्रीण वेणू बावणकरच्या जागेला लागून. ज्याच्याकडचं गवत जगणार नाही त्याची जागा रिकामी राहणार, एवढं एकच वाक्य सर जरा हळू आवाजात बोलले होते. यशोधराच्या डोक्यात नेमकं तेच जाऊन बसलं.

तिने गवताची हेळसांड केली असती तर गोष्ट वेगळी होती. पण त्या घरात हेळसांड कशाचीच होत नसे. यशोधराची आई काळजी करण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. दाराची कडी दोनदा बघायची, दूध तीनदा हुंगायचं, आणि झोपलेल्या मुलांच्या नाकाशी हळूच हात नेऊन श्वास लागतोय ना ते बघायचं. त्यात गेल्या वर्षी धाकटा कबीर खराब पाण्याने आजारी पडला होता. त्याच्या इवल्याशा हाताला लावलेली सलाईनची नळी आईच्या डोळ्यांपुढून अजून हलली नव्हती. त्यानंतर स्वयंपाकघरात भारीतला फिल्टर आला. प्यायला फिल्टरचं पाणी, डाळीला फिल्टरचं पाणी, कोथिंबीर धुवायलासुद्धा फिल्टरचंच.

मग पाहुण्यांना नळाचं पाणी कसं द्यायचं?

सरांनी सांगितलं होतं की नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवायचं, म्हणजे त्यातला जंतुनाशकाचा वास उडून जातो, आणि मग ते टाकीत घालायचं. बादलीत आलेला गाळही तसाच तळाला पसरायचा. आईने ते सगळं मान हलवून ऐकलं. घरी आल्यावर मात्र त्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलाकडे बघून तिला कसंतरीच झालं. मायलेकींनी मिळून गाळ गटारात ओतला, दुकानातून पांढरी वाळू आणून ती पाच पाण्यांनी धुतली, आणि टाकी फिल्टरच्या पाण्याने काठोकाठ भरली. शेजारच्या काकू टाकी बघून म्हणाल्या की अगदी चित्रातली वाटते. त्या दिवशी आई स्वयंपाक करता करता गुणगुणत होती.

पुढे काय झालं ते यशोधरा रोज काचेला नाक लावून बघत आली होती. आधी जुन्या पानांना टाचणीने टोचावीत तशी बारीक भोकं पडली. मग पानांच्या कडा पिवळ्या झाल्या. मग मधून जे नवीन पान वर आलं ते फिकट आणि चुरगळलेलं, कुणी मुठीत आवळून सोडल्यासारखं. गवताबरोबर काही गोगलगायी आल्या होत्या. त्यांच्या शंखांची टोकं खडूसारखी पांढरी, खरखरीत झाली. यशोधराला वाटलं, म्हाताऱ्या झाल्या असतील बिचाऱ्या.

आईचं म्हणणं असं की पाणी नासत असणार. म्हणून पान पिवळं दिसलं की पाणी बदलायचं, असा नेमच पडून गेला. जुनं पाणी काढायचं, ताजं फिल्टरचं घालायचं. पाणी दर वेळी आणखी लखलखीत दिसे आणि गवत दर वेळी आणखी पिवळं.

शेवटी बऱ्याच ठोंबांची पानं विरघळून गेली. वाळूवर नुसते बोटाच्या पेराएवढे बुडखे उरले. आई कबीरला लस टोचायला घेऊन गेली होती, त्या दुपारी यशोधरा कितीतरी वेळ टाकीपुढे उभी राहिली. सडकी पानं पाणी नासवतात, हे आईचं वाक्य तिला पाठ होतं. पान नाही म्हणजे झाड मेलं, आणि मेलेलं झाड बाकीच्यांना मारणार, असा हिशेब तिने मनाशी मांडला. बाह्या सरसावल्या आणि एकेक बुडखा धरून उपटला. ते सहज निघाले नाहीत, वाळू घट्ट धरून बसले होते. तिने जोर लावला. सगळे बुडखे ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेले आणि कचऱ्याच्या गाडीबरोबर गावाबाहेर. एकच ठोंब तिने ठेवला, कारण त्याला अजून अर्धं पान होतं.

आईने परत आल्यावर टाकी बघितली आणि म्हणाली, "बरं केलंस."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी वेणू खेळायला आली. टाकीत डोकावली.

"हे काहून असं झालं गं?" तिने विचारलं. "शोकेस झाली ना ही. आत मालच नाही."

यशोधराने विषय बदलायला तिच्या टाकीचं विचारलं, तर वेणू म्हणाली की आमच्याकडे तर आत काय आहे तेच दिसत नाही इतकं गवत माजलंय. काय करता तुम्ही, यावर तिचं उत्तर होतं की काहीच नाही, आबा नळाचं पाणी ओततात आणि मला ओरडतात. आईच्या कपाळाला आठी पडली. बावणकरांची टाकी तिने पाहिली होती. काचेवर हिरवट थर, तळाला काळा चिखल. हात लावायची इच्छा होऊ नये अशी. आणि तिथे गवत माजलं होतं.

हे कोडं आता घरात सुटण्यातलं नव्हतं. तेव्हा यशोधराने विशाखामावशीला बोलवायचं ठरवलं.

विशाखामावशी आईची मोठी बहीण, आणि ती राहायची चंद्रावर. तिथल्या वसाहतीत हरितगृह (झाडांसाठी बांधलेलं बंदिस्त, उजेडाचं घर) सांभाळणं हे तिचं काम. वसाहतीतली माणसं पालक, टोमॅटो खायची ते मावशीच्या हातचं. दर रविवारी भिंतीवरच्या पडद्यावर ती भेटायची. फक्त एक अडचण होती. आपलं बोलणं चंद्रापर्यंत जायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि उत्तर परत यायला तेवढाच. त्यामुळे प्रत्येक प्रश्नानंतर जरा थांबावं लागतं, आणि थांबणं आईला जमत नसे.

यशोधराने भोकांपासून गोगलगायींपर्यंत सगळं सांगितल्यावर मावशीने प्रश्न विचारायला सुरुवात केली. उजेड किती येतो? आई म्हणाली, भरपूर. मग त्या मधल्या शांततेत तिला धीर निघेना, म्हणून तिने दुपारचं ऊन, पडदा, पडद्याचा रंग सगळं सांगून टाकलं. पाणी गरम होतं का? कुणी पानं कुरतडतं का? पानांवर शेवाळ बसतं का? प्रत्येक वेळी दोघी बहिणी एकमेकींच्या बोलण्यावर आपटत होत्या.

"करू, मला बोलू दे," मावशी शेवटी आईला म्हणाली; लाडाने ती तिला करू म्हणायची. "माझं एक वाक्य तिथे पोचेपर्यंत तुझी तीन उत्तरं होऊन जातात. लहानपणी वर्गात बाईंनी प्रश्न संपवायच्या आत तुझा हात वर असायचा, तसंच."

आई हिरमुसली, पण गप्प बसली. मावशीने कारण सांगितलंच नाही. तिने यशोधराला एक काम दिलं. स्वयंपाकघरातलं मोठं स्टीलचं ताट घ्यायचं, लख्ख पुसायचं, त्यात अंतर ठेवून चार ठिकाणी एकेक चमचा पाणी घालायचं आणि ताट उन्हात ठेवायचं. पहिलं पाणी नळाचं, दुसरं फिल्टरचं, तिसरं यशोधराच्या टाकीतलं. चौथं वेणूच्या टाकीतलं. पाणी उडून गेलं की मला बोलवा, असं सांगून ती टोमॅटोंकडे निघून गेली.

वेणू धावत जाऊन घरून वाटीभर पाणी घेऊन आली. अर्धं तिच्या फ्रॉकवर सांडलं होतं. दोघी गच्चीच्या कठड्यापाशी ताटाची राखण करत बसल्या. ऊन कडक होतं. थेंब आक्रसत गेले आणि एकेक करून नाहीसे झाले.

ताट खाली आणून यशोधराने पडद्यासमोर धरलं. नळाच्या पाण्याच्या जागी पांढरं, भुरकट वर्तुळ उमटलं होतं. वेणूच्या पाण्याच्या जागी तसंच, जरा पिवळसर. फिल्टरच्या पाण्याच्या जागी काहीच नव्हतं, स्टील जसंच्या तसं चकाकत होतं. आणि यशोधराच्या टाकीतल्या पाण्याच्या जागी बोट फिरवून पाहिलं तरी जेमतेम जाणवेल इतकाच डाग.

यशोधराने पांढऱ्या वर्तुळाला नखाने खरवडलं. हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. न्हाणीघरातल्या बादलीला आतून असाच थर बसतो. आई दर आठवड्याला लिंबू लावून तो घासून काढते.

"मावशी, हा तर बादलीतला थर आहे. पाण्यातली घाण ना?"

उत्तर यायला नेहमीएवढाच वेळ लागला, पण यशोधराला तो फार वाटला.

"तू बादलीपुरतं बघितलंस तर घाण," मावशी म्हणाली. "गवताला विचारलंस तर ते म्हणेल, हेच माझं जेवण."

मग तिने समजावून सांगितलं. पाऊस जमिनीवर पडतो, खडकांतून, मातीतून झिरपतो, आणि जाता जाता त्यांच्यातले क्षार (पाण्यात विरघळणारी खनिजं) सोबत घेतो. साखर विरघळली की दिसत नाही तसे तेही दिसत नाहीत. पाणी उडून गेलं की मागे उरतात, या वर्तुळासारखे. त्यांत कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, थोडं पोटॅशियम असतं. झाड आपली साखर उजेडात स्वतः बनवतं हे खरं, पण नुसत्या साखरेवर अंग उभं राहत नाही. पानाच्या पेशींच्या (सजीवांचं शरीर ज्या बारीक घरांचं बनलेलं असतं त्या घरांच्या) भिंती बांधायला कॅल्शियम लागतं. पानातला हिरवा रंग तयार करायला मॅग्नेशियम लागतं. आणि पानातला रोजचा कारभार नीट चालायला पोटॅशियम लागतं.

"आता भोकं आधी जुन्या पानांना का पडली, सांग बरं."

यशोधराने टाकीतल्या अर्ध्या पानाकडे पाहिलं. मावशी म्हणाली की पोटॅशियम झाडात इकडून तिकडे नेता येतं. ते कमी पडलं की जुनं पान आपल्यातलं काढून नव्या पानाला देतं आणि स्वतः झिजतं. घरात भाजी थोडी असली की आई नाही का आपल्या ताटातली तुमच्या ताटात वाढत, तसंच. कॅल्शियमचं तसं नाही. ते भिंतीत बसवलेल्या विटेसारखं असतं, एकदा बसवलं की काढून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून ते संपलं की फटका थेट नव्या पानाला बसतो, ते चुरगळलेलंच जन्माला येतं. गोगलगायींचे शंखही कॅल्शियमचेच. म्हणून त्यांची टोकं झिजली. फक्त जुनी पानं आजारी असती तर एखादीच वस्तू कमी पडली असं म्हणता आलं असतं. इथे जुनं पान, नवं पान, शंख, सगळेच आजारी होते. म्हणजे डब्यातली एखादी वस्तू संपली नव्हती, सगळं स्वयंपाकघरच रिकामं होतं.

"तुमच्या फिल्टरची गाळणी फार बारीक असते," ती म्हणाली. "जंतू अडकतात, ते चांगलंच. पण क्षारही जवळजवळ सगळे अडकतात. पाणी स्वच्छ होतं, करू, पण झाडाच्या दृष्टीने ते उपाशी पाणी होतं."

चंद्रावर हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तिथे पाऊस नाही की नदी नाही. माणसांच्या श्वासातली वाफ, घामाची वाफ गोळा करून थंड करतात आणि तेच पाणी पुन्हा वापरतात. वाफ क्षारांना सोबत घेत नाही, त्यामुळे ते पाणी अगदी शुद्ध असतं आणि अगदी रिकामं. त्यात क्षार मोजून घातल्याशिवाय मावशी एका रोपालाही ते देत नसे. पृथ्वीवर हे काम डोंगर आणि माती फुकटात करून ठेवतात.

आता आईचा चेहरा उतरला. तिने कबीरला ओढून मांडीवर घेतलं.

"ताई, मी याला तेच पाणी पाजते."

"पाज की," मावशी म्हणाली. "त्याचं ताट वेगळं आहे, वेडे. तो पोळी खातो, भाजी खातो, दूध पितो. क्षार त्याला जेवणातून मिळतात, पाण्यात त्याला फक्त जंतू नकोत. गवताला कुठलं आलंय ताट? त्याच्यासाठी पाणी आणि पायाखालचा गाळ, एवढंच. गाळ तरी ठेवला होतास ना?"

आईने मान खाली घातली. गाळ गटारात ओतला हे तिने सांगितलं, आणि पान पिवळं दिसलं की पाणी बदलत होते हेही सांगितलं. म्हणजे पानं सडून त्यातून जे काही थोडंफार परत पाण्यात येत असेल, तेही आपण बाहेर फेकत होतो, हे तिचं तिलाच बोलता बोलता उमगलं. ती अर्ध्या वाक्यात थांबली. "मला वाटलं, मी जपतेय," एवढंच म्हणाली.

मग मावशीने यशोधराला विचारलं की बाकीचे ठोंब कुठे आहेत.

यशोधराने सांगितलं. उपटले, कारण मेले होते.

"मुळं कशी होती गं त्यांची? काळी, गिळगिळीत? की पांढरी?"

यशोधराला ती दुपार आठवली. बुडखे किती घट्ट बसले होते ते आठवलं. हातात आलेली मुळं आठवली, शेवयांसारखी.

"पांढरी," ती म्हणाली.

बोलणं चंद्रापर्यंत गेलं, परत यायची वेळ होऊन गेली, तरी मावशी बोलली नाही. वेणूसुद्धा ताटाकडे बघत राहिली. शेवटी मावशीने हळूच सांगितलं की पांढरी, टणक मुळं म्हणजे जिवंत मुळं. उपासमार झाली किंवा जागा बदलली की असलं गवत कधी कधी सगळी पानं टाकून देतं आणि बुडख्यात जीव धरून बसतं, बरे दिवस येईपर्यंत. ते मेलेलं नव्हतं, ते वाट बघत होतं.

यशोधरा रडली नाही. तिने ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं, आणि मग उठून टाकीपाशी गेली. दगडाभोवतीच्या वाळूत अजून खळगे दिसत होते, एकेका ठोंबाच्या जागेचे. तिच्या मागोमाग आई आली. बरं केलंस, असं आपण म्हणालो होतो, ते आईला आठवत असणार, कारण तिने यशोधराच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

"मी तरी तुला मुळं बघ म्हणून कुठे सांगितलं," ती म्हणाली.

उरलेल्या एका ठोंबाचं काय करायचं, ते मावशीने नीट सांगितलं. घाई करायची नाही, कारण उपाशी माणसापुढे एकदम पंगत वाढत नाहीत. रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी थोडं थोडं मिसळत जायचं. थोडी वाळू काढून ठोंबाच्या आसपास गाळ घालायचा. आणि ठोंबाला हात लावायचा नाही. गाळ वेणूने दिला. स्टीलच्या डब्यात भरून आणला आणि वर म्हणाली, "आमची घाण घ्या आता, काकू." आई हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

टाकी आता चित्रातली राहिली नाही. पाण्याला चहाचा हलका रंग आला, काचेवर हिरवट झाक धरली. आईचा हात फडक्याकडे जायचा आणि अर्ध्यातून परत यायचा. ते अर्धं पानही एक दिवस गळून पडलं आणि नुसता बुडखा राहिला. यशोधरा शाळेतून आली की दप्तर न काढता आधी तिथे जायची. आत काही घडतंय की नाही ते कळत नव्हतं. मुळं पांढरी आहेत का ते उपटल्याशिवाय दिसत नाही, आणि उपटायचं तर नव्हतं.

मग बुडख्याच्या मधोमध एक हिरवं टोक दिसलं. ते वर आलं, सरळ, एकही चुणी नसलेलं. त्यामागून दुसरं. तलावात पाणी चढायला लागलं त्या सुमाराला ठोंबाच्या बुडातून दोऱ्यासारखी एक फांदी निघाली आणि गाळावरून सरपटत पुढे गेली. मावशीने सांगितलं, ती धावती फांदी (जमिनीलगत आडवी वाढणारी आणि टोकाला नवं रोप धरणारी फांदी). तिच्या टोकाला नखाएवढं पिल्लू धरलं होतं, दोन पानांचं. त्याची मुळं अजून गाळात शिरायची होती. तोवर त्याचं खाणंपिणं त्या दोऱ्यातूनच येत होतं.

पाहुणे परत पोचवायचा दिवस आला तेव्हा घरात पुन्हा विचार सुरू झाला. वेणूचं म्हणणं होतं की आहे ते घेऊन ये, दिसायला तरी काहीतरी लागेल ना खुंटीपाशी. आईलाही मनातून तसंच वाटत होतं. सगळ्या मुलांच्या हातात बादल्या असणार आणि आपली पोरगी मोकळी उभी राहणार, हे तिला बघवणार नव्हतं. मावशीला विचारलं तर ती म्हणाली की ठोंब हलवला तर तो पुन्हा पानं टाकेल, पुन्हा उभा राहीलही कदाचित. पिल्लू मात्र टिकेल असं वाटत नाही. पण टाकी यशूची आहे, तिनेच ठरवावं.

यशोधरा टाकीपुढे बसली. बोट काचेला लावून तिने तो दोरा इकडून तिकडे मोजल्यासारखा पाहिला. मग बादली माळ्यावर ठेवून दिली.

घाटावर गाव लोटलं होतं. पाणी गुडघाभर होतं, गढूळ, कोवळ्या उन्हात चमकणारं. मुलं बादल्या घेऊन आपापल्या खुंटीकडे चालली होती. यशोधरा मोकळ्या हातांनी उतरली. सरांनी नावं पुकारत पुकारत तिच्यापाशी येऊन विचारलं, तुझे पाहुणे कुठे आहेत? आसपासची मुलं वळून बघायला लागली.

"सर, गाळ मी फेकला," आई पायऱ्यांवरून म्हणाली. कबीरला कडेवर घेऊन ती उभी होती. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. "पाणीही मीच फिल्टरचं घातलं. तिचा दोष नाही."

"पण ठोंब मी उपटले," यशोधरा म्हणाली. "एक जगलाय, सर. त्याला पिल्लू आलंय. पण ते अजून सुटं झालं नाही, म्हणून नाही आणलं."

सरांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग म्हणाले की पुढच्या वर्षी पलीकडच्या काठाची झाडं घरोघर जाणार आहेत. ती मुलं बादल्या घ्यायला येतील, त्या दिवशी तू तुझं ते ताट घेऊन येशील का? यशोधराने मान हलवली. ताटाचं सरांना वेणूने सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नसे.

सर पुढे गेले. तिच्या खुंटीभोवती नुसतं पाणी होतं. चौकटीत काहीच नाही, तिच्या पावलांनी उठलेला चिखल तेवढा ढगासारखा फिरत होता. शेजारी वेणू कोपरापर्यंत हात बुडवून ठोंब लावत होती. लावता लावता ती सरकत सरकत दोघींच्या मधल्या रेषेपर्यंत आली आणि शेवटचे ठोंब तिने मुद्दाम तिथे, अगदी कडेला लावले.

"इकडे काहून लावतेस? मधे जागा आहे ना," यशोधरा म्हणाली.

"मधे लावलं तर माझ्याकडेच राहील." वेणूने हाताने नाक पुसलं आणि नाकाला चिखल लागला. "इथून फांद्या तुझ्याकडे येतील. चालेल ना?"

यशोधराने खाली पाहिलं. गढूळ पाण्यात ठोंब दिसत नव्हते. पानांची टोकं फक्त पायाला लागत होती.

"येऊ दे," ती म्हणाली.

आई पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला आली होती. कबीर पाण्याकडे झेपावत होता आणि ती त्याला घट्ट धरून होती. तिने विचारलं की एका पावसाळ्यात असं गवत किती पुढे सरकतं.

यशोधरा वाकली. तळाचा गाळ मुठीत घेऊन तिने तो बोटांत चोळून पाहिला. मऊ होता, काळाभोर.

"खायला मिळालं तर पुष्कळ," ती म्हणाली, आणि मूठ उघडून तो आपल्या चौकटीत परत सोडला.